सीपॅप मशीन आणि घशातलं पित्त: सात-आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते. सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर (स्लीप अ‍ॅप्निया) ते देतात. घोरणं थांबलं, दुपारची पेंग गेली, सकाळचं डोकं जड होणंही गेलं. या कामासाठी मशीनला पैकीच्या पैकी गुण. पण मला खरी आशा होती ती पित्ताने, म्हणजे जठरातून वर येणाऱ्या आम्लाने, बिघडलेल्या घशाची, आणि तिथे मशीनने एकट्याने निम्मंच काम केलं. सुरुवातीला तर त्रास वाढवलाच. सीपॅपबद्दल लिहिणारे बहुतेक जण झोपेबद्दल लिहितात, म्हणून मी घशाबद्दल लिहिते.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय पन्नाशीच्या पुढे, पाळी थांबून काही वर्षं झालेली. दोनेक वर्षांपासून सकाळी आवाज घोगरा, तिसऱ्या तासाला पार बसलेला. सतत खाकरणं, घशात काहीतरी अडकल्याची भावना, आवंढा गिळला तरी न जाणारी. छातीत जळजळ मात्र कधीच नव्हती. त्यामुळे पित्ताचं नाव कुणी काढलंच नाही. ज्येष्ठमध, हळद-मिठाच्या गुळण्या, खोकल्याची औषधं, सगळं करून झालं. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घातली, तेव्हा स्वरयंत्राचा मागचा भाग लाल आणि सुजलेला दिसला. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. रिफ्लक्स सिम्प्टम इंडेक्स म्हणतात त्याला, २००२ सालापासून वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ४५, आणि १३ च्या वर गेलं की घशापर्यंत पित्त येत असल्याचा संशय घ्यायचा. माझे आले २४. त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं, घोरता का? माझ्याआधी नवऱ्यानेच उत्तर दिलं. बायका घोरत नाहीत असं मानायची आपल्याकडे रीत आहे. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा आजार बायकांमध्ये वाढतो, हे मला तेव्हा कळलं. झोपेच्या तपासणीत तासाला ३४ वेळा श्वास अडकतो किंवा उथळ होतो असं निघालं, दर वेळी किमान १० सेकंद. तासाला ३० च्या पुढे म्हणजे तीव्र.

झोपेतल्या श्वासाचा घशातल्या पित्ताशी संबंध काय, हे डॉक्टरांनी शहाळ्यावरून समजावलं. नळी चिमटीत दाबून जोरात ओढून पाहा, म्हणाले. वाट बंद असली तरी छाती हवा ओढतच राहते, तिच्या आतला दाब खाली जातो, पोटातला मात्र वाढलेला असतो. मग जठरातलं वर सरकायला बघतं. त्यात झोपेत लाळ कमी सुटते, आपण गिळतोही कमी, म्हणजे वर आलेलं धुऊन खाली जात नाही. अन्ननलिकेला थोडंफार आम्ल सोसायची सवय असते, स्वरयंत्राला नसते. शिवाय आम्लाबरोबर पेप्सिन नावाचं पाचकद्रव्य वर येतं, ते घशाच्या अस्तरात चिकटून राहतं आणि पुन्हा आम्ल मिळालं की जागं होतं. हे सगळं मान्य असलं, तरी श्वास अडकण्यानेच पित्त वर येतं, की दोन्हींचं मूळ वाढलेल्या वजनात आहे, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. माझं वजन तेव्हा ८१ किलो होतं, म्हणजे मी दोन्ही रांगांत उभी.

आता मशीन. तपासणीनंतर दाब १२ ठरला. हा आकडा सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचा असतो, घरगुती मशीन साधारण ४ ते २० पर्यंत जातात. मास्क मिळाला नाक-तोंड झाकणारा. दाबाची हवा घसा उघडा ठेवते, म्हणून छातीची ती ओढाताण थांबते, आणि पित्तालाही थोडा आळा बसतो. कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात मी रात्रभर हवा गिळत होते. सकाळी पोट टम्म, आणि मग ढेकरांवर ढेकर. प्रत्येक ढेकरेबरोबर आंबट पाणी थेट घशात! शाळेत पहिल्या तासालाच आवाज गेलेला. मी मशीन परत करायच्या बेतात होते.

ते वाचलं तीन बदलांमुळे, आणि तिन्ही झोपतज्ज्ञांनी मशीनमधला डेटा बघून केले. ठरावीक दाबाऐवजी मशीन आपोआप दाब बदलणाऱ्या पद्धतीवर टाकलं, ६ ते ११ च्या मर्यादेत. श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोय चालू केली. आणि मोठा मास्क काढून फक्त नाकावरचा दिला. पोटाचं फुगणं पंधरवड्यात बरंच उतरलं. ज्यांचं नाक कायम चोंदलेलं असतं त्यांना नाकाचा मास्क चालणार नाही, हे खरं. पण ज्यांना रात्री खरोखर उलटीसारखं वर येतं त्यांनी तोंड झाकणारा मास्क लावण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच, कारण त्यात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जायची भीती असते. दाबाचे आकडे मात्र यूट्यूब बघून स्वतः फिरवू नका.

मशीनबरोबरचं अ‍ॅप रोज सकाळी गुण देतं, किती तास लावलं, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडकला यावर. मला नव्वदच्या वर गुण आणि शाबासकी मिळायची, आणि मी हातात कपबशी घेऊन खाकरत असायची. घसा त्या गुणपत्रिकेत नाहीच. पण एक गोष्ट त्याच आलेखात सापडली. पहाटे बाथरूमला उठल्यावर मास्क पुन्हा न लावता मी तशीच झोपायचे. किमान चार तास वापर झाला की अ‍ॅप खूश. पण स्वप्नांची झोप पहाटेच जास्त असते, तेव्हा स्नायू सैल पडतात आणि श्वास सगळ्यात जास्त अडकतो. मास्क काढलेल्या पहाटेनंतरचा आवाज आणि सकाळपर्यंत लावलेल्या रात्रीनंतरचा आवाज यात मला स्पष्ट फरक जाणवतो.

मशीनची हवा दमट करणारी पाण्याची टाकी घशासाठी वरदान आहे, तेवढीच कटकटही. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आमच्या बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसतो. थंडीत नळीत पाणी जमून गुडगुडतं, त्यावर गरम होणारी नळी घ्यावी लागली, तिचे पैसे वेगळे. वीज गेली तर इन्व्हर्टरवर मशीन चालतं, फक्त टाकी आणि नळीचं गरम करणं बंद ठेवायचं, बॅटरी तेच जास्त खातं. आवाजाचं म्हणाल तर पंख्यापेक्षा कमी. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली सिडनीत हा उपचार मांडला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, त्या रुग्णांना सलाम. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम झिजतो म्हणून लाखो मशीन परत मागवली होती, त्यातलं नाही ना ते मॉडेल नंबरवरून तपासा.

उरलेलं निम्मं काम स्वयंपाकघरात आणि पलंगावर झालं. रात्रीचं जेवण साडेनऊवरून सातवर आणलं, म्हणजे झोपेआधी तीन तास मिळतात. यावर घरात झालेल्या वादांचं वर्णन टाळते. तिखट मी पूर्ण सोडलेलं नाही, सांगलीत ते जमायचं नाही, फक्त ते दुपारी खाते. रात्री भाकरी, मुगाचं वरण, दुधीची भाजी. सगळ्यात वाईट काय निघालं असेल तर एकादशीची रात्रीची साबुदाणा खिचडी: तूप, दाणे, मिरची आणि लगेच आडवं होणं. संध्याकाळचा दुसरा चहा गेला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे आहेत. नुसत्या उशा रचून उपयोग होत नाही, पोट दुमडतं. झोपते डाव्या कुशीवर, आणि मशीनची नळी डोक्यावरून घेतली आहे, नाहीतर कूस बदलताना मास्क ओढला जातो.

औषधांत पँटोप्राझोल, जेवणाआधी अर्धा तास, आणि रात्री जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध. समुद्री शेवाळापासून काढलेलं हे अल्जिनेट जठरातल्या द्रवावर तरंगता थर धरतं. पँटोप्राझोल आम्ल कमी करतं, वर येणं थांबवत नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर घसा सुधारत नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ते हळूहळू कमी केलं. एकदम बंद केलं की आम्ल उसळून येतं. अल्जिनेट अजून अधूनमधून घेते, लग्नाच्या जेवणानंतर तर हमखास.

आज नऊ प्रश्नांचे गुण ८, मशीनवर तासाला अडथळे तीनच्या आत, वजन ७५. सहावा तास आवाजासकट संपतो. वजन उतरल्यामुळे दाब आणखी खाली आणता येईल का, हे पुढच्या भेटीत बघणार आहेत.

घ्यावं का? श्वास अडकत असल्याचं तपासणीत निघालं असेल तर नक्की घ्या. फक्त घशाच्या त्रासासाठी, तपासणी न करता, घेऊ नका. आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना अडकत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर मशीन-मास्क सगळं बाजूला ठेवून आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.