इलेव्हन माइलचा बर्फ आणि न आलेला गाईड

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर, ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज या पट्ट्यातली जी मराठी कुटुंबं यंदा गोठलेल्या जलाशयावर ट्राउट मासे धरायला जायचा बेत करताहेत, त्यांनी गाईडला एक डॉलरही देण्याआधी हे वाचावं. गाईड म्हणवणाऱ्या एका भामट्याने आमच्या तीन कुटुंबांचे मिळून १४४० डॉलर घेतले आणि तो आलाच नाही. ते पैसे परत मिळाले नाहीत आणि मिळणारही नाहीत. पण पैशांहून मोठ्या काळजीच्या गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे त्या माणसाकडे आमच्या घरच्यांची ओळखीची कागदपत्रं गेली. दुसरी म्हणजे त्याने आम्हाला मुलाबाळांसकट जिथे यायला सांगितलं होतं, तिथला बर्फ भरवशाचा नव्हता.

माझे सासू-सासरे रत्नागिरीहून आले होते. बाबांचं सगळं आयुष्य मिरकरवाडा बंदराच्या आसपास गेलेलं. बर्फाला भोक पाडून मासा काढतात हे ऐकल्यापासून त्यांना ते बघायचंच होतं. आमच्यापैकी कुणाकडे बर्फ कोरायचं ऑगर नाही, तंबू नाही, थंडीत चालणारा हीटर नाही. अशा वेळी गाईड घेणं हेच शहाणपणाचं. समाजमाध्यमावरच्या मासेमारीच्या एका ग्रुपवर जाहिरात होती: इलेव्हन माइल जलाशय, माणशी १८० डॉलर, गरम तंबू, ऑगर, गळाच्या आखूड काठ्या, आमिष, लायसन्स आणि पार्कची एंट्री सगळं धरून. खाली हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आणि पंधरा-वीस कौतुकाच्या प्रतिक्रिया.

या माणसाने ढोबळ थापा मारल्या नाहीत, म्हणूनच त्याचं बोलणं इथे तपशिलात देते. तो बहुतेक खरंच सांगत होता. इलेव्हन माइल हा साउथ प्लॅट नदीवरचा जलाशय आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ८६०० फूट उंच. तिथे रेनबो आणि ब्राउन ट्राउट मिळते, कोकॅनी जातीचा सॅमन मिळतो, मोठाले पाइकही मिळतात. ट्राउट पहाटे उथळ पाण्यात पाणवनस्पतींच्या कडेने फिरते, म्हणून उजाडायच्या आत भोकं पाडून बसावं लागतं. दोन काठ्या टाकायच्या तर सेकंड रॉड स्टॅम्प, म्हणजे दुसऱ्या काठीचा जादा परवाना लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. हे सगळं आम्ही राज्याच्या कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याच्या माहितीशी ताडून पाहिलं आणि ते जुळलं. जी माहिती कुणालाही फुकट मिळते ती त्याने अचूक दिली, त्यामुळे जी तपासायला अवघड होती तिच्यावरही विश्वास बसला.

खोटं त्याने या खऱ्याच्या मधोमध पेरलं होतं. बर्फावर मासेमारीला वेगळं 'विंटर लायसन्स' लागतं म्हणाला. असं काहीही नसतं. कोलोरॅडोचं वार्षिक लायसन्स १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतं आणि तेच जानेवारीत बर्फावरही चालतं. पार्कची एंट्री त्याने पॅकेजमध्ये धरली होती, पण आमच्या तिन्ही गाड्यांच्या रजिस्ट्रेशनबरोबर २९ डॉलरचा कीप कोलोरॅडो वाइल्ड पास आधीच घेतलेला होता. तो असला की स्टेट पार्कला वेगळी एंट्री लागत नाही.

लायसन्सच्या नावाखाली त्याने एक फॉर्म पाठवला: नाव, जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो, सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक. सासू-सासऱ्यांसाठी पासपोर्टचं पान. इथेही खरं-खोटं एकत्र होतं, कारण पहिल्यांदा लायसन्स काढताना खातं सोशल सिक्युरिटी नंबर खरोखरच मागतं. पण तो द्यायचा तो खात्याला, स्वतः, त्यांच्या साइटवर किंवा लायसन्स विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर. कुठलाही गाईड तुमच्या वतीने तो नंबर गोळा करत असेल तर त्याच्याशी पुढचा एक शब्दही बोलू नका.

पैसे मागायची पद्धत ठरलेली होती. आधी निम्मे, ७२० डॉलर, तारीख धरून ठेवायला. चार दिवसांनी, 'बर्फ सुंदर धरलाय, शनिवारसाठी दुसरा ग्रुप मागे लागलाय, उरलेले आजच पाठवा.' क्रेडिट कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला, छोटा धंदा आहे, कार्डवाल्यांचं कमिशन परवडत नाही. फोन नंबरवर थेट बँकेतून पैसे जातात ते ॲप, आपल्याकडच्या यूपीआयसारखं, तेच त्याला हवं होतं. शुक्रवारी रात्री तिसरी मागणी आली: हीटरच्या गॅसची ३०० डॉलर अनामत, परत मिळणारी. माझ्या नवऱ्याने सांगितलं, ती तिथे रोख देतो. उत्तर आलं, 'ठीक, सकाळी साडेसहाला भेटू,' आणि सोबत नकाशावरची खूण. नंतर शब्द नाही.

पहाटे निघालो. हायवे २८५ वरून केनोशाची खिंड ओलांडली की साउथ पार्कचं उघडंबोडकं पठार लागतं, वाऱ्याला आडवं काही नाही. गाडीत बाबा त्याचे मेसेज वाचत होते. एकदम म्हणाले, "अगं, हा बर्फ चौदा इंच आहे म्हणतोय. पण कधी मोजला, कुठे मोजला, काहीच सांगत नाही. आमच्याकडे खलाशी पाण्याचा अंदाज देतो तेव्हा जागा आधी सांगतो."

मुलांना स्वच्छतागृहाला जायचं होतं म्हणून आम्ही खुणेवर न जाता आधी जलाशयाच्या उत्तर किनाऱ्याला, नॉर्थ शोअरला थांबलो. गाडीतला पारा उणे २० सेल्सिअस दाखवत होता. फोन लावला तर वाजून वाजून बंद होत होता. बाजूला एक म्हातारे गृहस्थ घसरगाडीवर सामान बांधत होते. त्यांना खूण दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी दिलं?" ती खूण पश्चिमेच्या टोकाला, नदी जलाशयात शिरते त्याच्या तोंडाशी होती. शिवाय मेसेजमध्ये लिहिलं होतं की गाडी थेट तंबूपर्यंत आणा.

वाहत्या पाण्यावरचा बर्फ खालून झिजत जातो, तो वरून कितीही भक्कम दिसला तरी. त्यातून जलाशय म्हणजे साधं तळं नव्हे. पाणी सोडलं-भरलं की पातळी हलते, किनाऱ्याजवळचा बर्फ अधांतरी राहतो, तडकतो, मध्ये दाबाने उंचवटे उठतात. साधारण हिशेब असा सांगतात की चालायला किमान चार इंच नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ हवा आणि लहान गाडीला आठ ते बारा. पांढरा, बर्फवृष्टीचा भुसा मिसळून झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा. आणि हे आकडे एका जागचे, तलावभर लागू नाहीत. त्या गृहस्थांनी हातातली टोकदार लोखंडी पहार आम्हाला दाखवली. ते प्रत्येक दोन-चार पावलांवर ती जोरात आपटत पुढे जातात. पहार एका घावात आरपार गेली की मागे फिरायचं. गळ्यात दोरीला बांधलेले दोन खिळ्यांचे दांडे होते, आत पडलंच तर बर्फात रोवून स्वतःला वर ओढायला. आमच्या 'गाईड'ने सामानाच्या एवढ्या लांबलचक यादीत या दोन्हींचं नाव घेतलं नव्हतं. ज्याला बर्फावर माणसं न्यायची असतात त्याच्या तोंडी पहिल्यांदा ह्याच गोष्टी येतात.

मग त्यांनी जाहिरातीतले फोटो पाहिले. एकात चाकांवरची भली मोठी खोली बर्फावर उभी होती. तसली घरं मिनेसोटाकडे वापरतात म्हणाले. दुसऱ्या फोटोखाली 'स्पिनीची जानेवारीतली ट्राउट' असं लिहिलं होतं. स्पिनी माउंटन जलाशय इलेव्हन माइलच्या जवळच, नदीच्या वरच्या अंगाला आहे, पण तो गोठला की बंद होतो, तिथे बर्फावरची मासेमारी नसतेच. तिसऱ्या फोटोतल्या माशाकडे बाबांनी बोट दाखवलं. "याच्या पाठीवर काटेरी पर आहे. तुम्ही मला ट्राउट दाखवली होती तिच्या पाठीवर मऊ होता आणि शेपटीच्या आधी एक छोटा मांसल पर होता." तो वॉलाय नावाचा वेगळाच मासा होता. घरी येऊन फोटो इमेज सर्चमध्ये टाकून शोधले तेव्हा ते वेगवेगळ्या लोकांच्या जुन्या पानांवर सापडले.

त्या गृहस्थांनी आम्हाला तसंच परत पाठवलं नाही, हे लिहिलंच पाहिजे. किनाऱ्यापासून जवळच, स्वतः तपासलेल्या जागी त्यांनी ऑगरने भोक पाडलं, झाऱ्यासारख्या पळीने त्यातला बर्फाचा चुरा काढला आणि काळं पाणी दिसू लागल्यावर बाबांना उकिडवं बसवून आत बघायला लावलं. लायसन्स कुणाकडेच नव्हतं, म्हणून आमच्यापैकी मोठ्या माणसांनी काठीला हात लावला नाही. काठी धरली ती दहा वर्षांच्या माझ्या मुलाने, त्यांच्या शेजारी बसून. वर आली ती चौदा इंची रेनबो, अंगावर गुलाबी पट्टा. हातमोज्याने धरली तर तिचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून त्यांनी त्या थंडीत उघडा हात ओला करून ती धरली आणि लगेच सोडली. या माणसाने एक पैसा मागितला नाही.

आता कामाचं. कोलोरॅडोत मोबदला घेऊन मासेमारीला नेणाऱ्याला राज्याच्या ऑफिस ऑफ आउटफिटर्स रजिस्ट्रेशनकडे नोंदणी करावी लागते. हे कार्यालय डोरा म्हणजे नियामक खात्याखाली येतं आणि नोंदणी खरी की खोटी हे त्यांच्या साइटवर नाव टाकून कुणालाही फुकट पाहता येतं. नोंदणीसाठी बाँड म्हणजे पैशांची हमी आणि विमा लागतो, आणि ग्राहकाला लेखी करार द्यावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा, दुसरा लेखी कराराचा. आम्ही नंतर दोन खऱ्या गाईडना मुद्दाम विचारलं. दोघांनी क्रमांक लगेच दिला. स्टेट पार्कच्या कार्यालयालाही फोन करता येतो की अमुक माणसाला तुमच्या पाण्यावर धंदा करायची परवानगी आहे का.

पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टखाली, न मिळालेल्या सेवेबद्दल बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. आम्ही ॲपने पैसे पाठवले होते, म्हणून आमच्या बँकेने हात वर केले. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी खातं फोडलेलं नाही, एवढंच उत्तर. त्यांच्याशी तीन आठवडे टोलवाटोलवी चालली आणि त्यात माझ्या नवऱ्याची झोप उडाली.

ओळखीची माहिती गेली असेल तर पैशांच्या मागे धावण्याआधी इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या पत नोंदवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे तुमच्या नावावर नवं कार्ड किंवा कर्ज काढणं अवघड होतं, आणि तेही त्याच दिवशी. एकीकडे केलं की बाकीच्यांकडे आपोआप होत नाही. सप्टेंबर २०१८ पासून हे पूर्ण मोफत आहे. फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या साइटवर नोंद केली की पुढच्या पायऱ्या लिहून मिळतात. एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे आणि कोलोरॅडोच्या ॲटर्नी जनरलच्या स्टॉप फ्रॉड कोलोरॅडो या साइटवरही आम्ही तक्रार केली. आमच्यातल्या एका कुटुंबाने फ्रीज करायला वेळ लावला आणि तेवढ्यात त्यांच्या नावावर एका दुकानाच्या कार्डाचा अर्ज पडला होता. तो नामंजूर झाला हे नशीब.

ती जाहिरात आम्ही कळवल्यावर निघाली. गेल्या आठवड्यात नव्या नावाने पुन्हा आली आहे, या वेळी ग्रँबी जलाशयावरच्या लेक ट्राउटसाठी, माणशी २१० डॉलर. चाकांवरच्या खोलीचा फोटो तोच आहे. खोलीच्या दारावर हिरवा पट्टा आणि पायरीशी नारिंगी घसरगाडी. दिसली तर पैसे पाठवू नका, ग्रुपच्या चालकांना लगेच कळवा आणि आपल्या ओळखीतल्या ज्यांच्याकडे देशातून आईवडील आलेत त्यांना आजच फोन करा.