दीपस्तंभांची गर्दी झालेला विशेषांक

बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, त्यामुळे पत्रकार दिन हे कोकणातील वृत्तपत्रांना घरचेच कार्य वाटते आणि ते योग्यही आहे. रत्नागिरीच्या एका दैनिकाने त्यानिमित्त काढलेला विशेषांक मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचला. कागद चांगला आहे, छपाई स्वच्छ आहे. तक्रार आहे ती मजकुराची.

संपादकीयात वृत्तपत्र हे समाजाचा दीपस्तंभ आहे. पुढच्या पानांवर निवृत्त मुख्याध्यापक शिक्षणक्षेत्राचे दीपस्तंभ, पतसंस्थेचे अध्यक्ष सहकाराचे दीपस्तंभ, आणि पानभर शुभेच्छांची जाहिरात देणारे पुढारी विकासाचे दीपस्तंभ ठरतात. ज्या किनाऱ्यावर रत्नागिरीचा, जयगडचा, देवगडचा दिवा रोज रात्री प्रत्यक्ष पेटतो, तिथल्या वाचकाला हे फार खटकते. दीपस्तंभ कोणाच्या गौरवासाठी उभारलेला नसतो. प्रत्येक दिव्याच्या उघडझापीचा क्रम ठरलेला आणि आसपासच्या दिव्यांहून वेगळा असतो. तो ओळखला म्हणजे आपण नेमके कुठे आहोत आणि खडक कोणत्या अंगाला आहेत, हे काळोखातही नौका हाकणाऱ्या तांडेलाला उमगते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरचा दिवा तर तिथे खडक आहेत म्हणूनच आहे. वृत्तपत्राला ही उपमा घ्यायची असेल तर तिच्यासोबत येणारी जबाबदारीही घ्यावी लागेल: धोक्याची जागा नेमकी दाखवायची, आणि त्या उजेडाने जाहिरातदाराची अडचण होत असली तरी दिवा मालवायचा नाही. सरसकट सर्वांना दीपस्तंभ म्हणणाऱ्या लेखांत कोणी काय केले, कोणत्या वर्षी केले, त्याने कोणाचे काय बदलले, याचा पत्ताच लागत नाही. त्या मुख्याध्यापकांनी शाळेत नेमके काय उभे केले, हे वाचायला मला खरोखर आवडले असते.

याच अंकात रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरावरचे एक पान मात्र अप्रतिम उतरले आहे. वादळाचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदरावर काय घडते, १ जूनला मासेमारीबंदी सुरू झाल्यावर खलाशी कुठे जातात, सरकारकडून मिळणाऱ्या डिझेल परताव्याची रक्कम थकली की नौकामालक हंगामाच्या तोंडावर कोणाकडे हात पसरतो, हे सारे त्यात साध्या, नेमक्या शब्दांत आले आहे. वार्ताहर पहाटे जेटीवर उभा राहिला असणार. लिलावात पुकारलेला भाव, बर्फाचा खर्च आणि मालकाच्या हाती उरलेली रक्कम त्याने एकाखाली एक मांडून दाखवली आहे. असे लिहायला वेळ लागतो आणि धाडसही लागते.

अंक घेणाऱ्यांनी शुभेच्छांची पाने ओलांडून थेट इथे यावे. थकलेला डिझेल परतावा कोणत्या टेबलावर अडला आहे, याचा शोध घेऊन ती बातमी पहिल्या पानावर छापावी, अशी विनंती मी संपादकांना पत्राने केली आहे.