जिताड्यासाठी काय घ्यावं: जिवंत बोय की लूर?

पहिला रॉड घ्यायला गेलेल्या माणसापुढे दुकानदार आधी लूर, म्हणजे नकली आमिषंच मांडतो. रंगीत, चकचकीत, हात शिवशिवतात. पण रायगडच्या खाडीत जिताडा या शिकारी माशामागे लागायचं असेल, तर पाकीट काढण्याआधी पाणी बघून या.

मुंबई-रायगडकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. एवढं पाणी आत-बाहेर झालं की तळाचा गाळ वर येतो आणि खाडीचा चहा होतो. त्यात लूर दिसणार कुणाला? जिवंत बोयीची, म्हणजे आमिषाला लावलेल्या छोट्या माशाची, तडफड मात्र जिताड्याला पाण्याच्या हालचालीवरूनच कळते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो, गोव्यात तो साधारण दोन मीटरांवर येतो. पावसाळा सोडला तर तिथलं पाणी बरंच निवळलेलं असतं, म्हणून तिकडचे लोक चोणकाला (जिताड्याचं तिकडचं नाव) लूरवर खेळवतात. आपल्याकडे लूर चालवायची तर भांगाचे दिवस धरा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते.

जिवंत आमिषाची खरी कटकट गळ टाकण्याआधीची आहे. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकता यायला हवा, नाहीतर ओळखीच्या कोळ्याकडून बोय किंवा कोळंबी मिळवायला हवी. शिवाय बादलीत हवेचा छोटा पंप लागतो. कोळंबी मेली की शिंगाळे (मिशीवाले मासे) तेवढे येत राहतात. गळ ओवताना कोळंबीच्या डोक्यावरच्या शिंगाखालून घाला, आतला काळा ठिपका टाळून. तशी ती बराच वेळ जगते. गळ सर्कल हुकच घ्या, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ. जिताडा आमिष गपकन आत ओढतो, साधा गळ पोटापर्यंत जातो. सर्कल हुक बहुतेक वेळा तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. ओढ लागली की झटका देऊ नका, नुसतं रीळ फिरवत राहा.

लूरला हा पसारा नाही. डबा खिशात, पाय मोकळे, आणि जिताडा पृष्ठभागावर येऊन लूर उचलतो त्या आवाजाची सर जिवंत आमिषाला नाही, हे मान्य. पण तिवरांच्या मुळांत आणि कालवांच्या खडकांत काही शे रुपयांची लूर पहिल्याच फेकीत राहू शकते. स्वस्त लूरचे तिहेरी गळ मोठा मासा सरळ करतो, ते बदलूनच वापरा. ओढताना मध्ये थांबा. पुष्कळदा तो त्या थांब्यातच घेतो.

जागा दोन्हींना एकच: ओहोटीच्या उत्तरार्धात खारफुटीतले छोटे ओहोळ मुख्य खाडीत रिकामे होतात ती तोंडं. रात्री पुलाच्या खांबांची सावली. लीडरही (गळाजवळचा दोरीचा जाड तुकडा) तोच, चाळीस ते साठ पाउंडांचा जाड नायलॉन. सुरमईसारखे कापणारे दात याला नाहीत, त्यामुळे तार नको. पण कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, उडी मारून डोकं झटकलं की बारीक दोरी तुटते. बोटंही तिथे घालू नका.

नवख्याने रायगडात जिवंत आमिषाने सुरुवात करावी, असं माझं मत. पाग शिकायची तयारी नसेल तर मात्र दोन-तीन चांगल्या लूर आणि भांगाची तिथी पुरे. आणि मोठा लागला तर सोडून द्यायचा विचार करा: जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो, म्हणजे थोराड जिताडे बहुतेक माद्याच. सोडायचाच असेल, तर लूरच्या गळांचे उलटे काटे आधीच पक्कडीने दाबून ठेवलेले बरे.