पियानो कॉन्चेर्टो की शब्दांविना ऑपेरा?

१८८६ पासून संगीतशाळा असलेल्या बडोद्यात रागदारीवर कान तयार झालेल्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाची सुरुवात कशाने करावी? मी नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, सुचवेन. १८६८ ची ही रचना जेमतेम अर्ध्या तासाची. टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचा घुमारा चढतो आणि पियानो वरच्या पट्टीतून खाली कोसळत येतो. पुढे सगळा वाद्यवृंद थांबतो, पियानो एकटाच वाजतो. आपल्याकडच्यासारखी ती उपज नव्हे, प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला. तरी अंगावर काटा येतो.

दुसरा पर्याय शब्दांविना ऑपेराचा. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ मालिकेतल्या चार ऑपेरांचे, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकांचे, सुमारे १५ तासांचे संगीत वाद्यवृंद-संचालक लोरिन माझेलने १९८७ मध्ये गायकांविना ७० मिनिटांत बांधले. अतिशय भव्य, पण कथा ठाऊक नसेल तर आपण बाहेरच राहतो. ऱ्हाईन नदी, तलवार, अग्नी, प्रत्येकाची स्वरखूण ठरलेली. नाट्यपद नुसत्या पेटीवर वाजले तरी जाणत्याला प्रसंग दिसतो, तसेच हे. नाटकवेड्या घरातल्यांनी मात्र खुशाल वाग्नरच आधी ऐकावा.

एकाच मैफलीत दोन्ही असतील, तर कथा निदान मध्यंतरात तरी वाचून घ्या.