वापरानंतरचा अनुभव: काचेवरचा मोबाइल होल्डर (आणि तो काढल्यावर)

होल्डर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. या किमतीतले सगळे दिसायला सारखेच: सक्शन कप, लांब होणारा दांडा, फोन पकडायची क्लिप. पंधराशेला एक रुपया कमी. दिवाळीत घेतला. मे महिन्यात खंबाटकी घाटात काचेवरून सुटला आणि फोनसकट माझ्या पायाशी आला. ब्रेकच्या खाली गेला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. जागा मिळाल्यावर गाडी बाजूला घेतली आणि मगच उचलला.

विक्रेत्याचं म्हणणं असं, की वॉरंटी आहे पण दांड्याला. रबराला नाही, कारण रबर झिजणारा भाग. अहो, पण काचेला धरून ठेवतं ते रबरच ना? मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते हे काय यांना आज कळलं? बऱ्याच मेल झाल्या. शेवटी आलं काय, तर पुढच्या होल्डरवर दहा टक्के सूट देणारं कूपन!

एक तारा देऊन इथेच थांबणार होतो. पण नवा घ्यायचा नाही या हट्टाने फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून पुणे-सातारा करायला लागलो आणि तक्रारच बदलली. होल्डर पडला हे एक वेळ सोडा. तो घट्ट चिकटून होता तेव्हाच जास्त त्रासाचा होता.

टोलचं घ्या. खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके. फास्टॅगचा वार्षिक पास आहे (एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतोय, तेव्हा ३,००० रुपयांना होता, या रस्त्यावर नेहमी जाणाऱ्याने घेतला नसेल तर कमाल आहे). पण पासातली फेरी वजा झाली का खात्यातून पैसे कापले गेले, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि तो मेसेज येतो कधी? नाका सोडून वेग घेताना, जिथे डझनभर रांगा दोन-तीन लेनमध्ये घुसत असतात. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद धरले तर झाले ५० मीटर. तेवढ्यात डावीकडून ट्रक आणि उजवीकडून एसटी, दोघंही आपलीच लेन समजून येतात.

खिशात फोन वाजला तर सोडून देता येतं. डोळ्यासमोर स्क्रीन उजळला की तो वाचलाच जातो. पॅकिंगवर मात्र ‘सेफ ड्रायव्हिंग’ छापलेलं आहे.

होल्डरमध्ये ठेवला की कायद्याने सगळं माफ, हाही गैरसमज. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ गाडी चालवताना हातात फोन वापरण्याला धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतं. ऑक्टोबर २०२०पासून नियमात सूट आली ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. रील, व्हॉट्सअ‍ॅप, टोलचे मेसेज त्यात येत नाहीत.

आता फुकटातला उपाय. आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ आहे, म्हणजे गाडी चालवताना मेसेज अडवून धरणारी सोय. आधी ते आपोआप सुरू होण्यावर ठेवलं होतं, पण ते हालचालीवरून ओळखतं, त्यामुळे बसमध्ये बसलो तरी मेसेज अडायचे. मग ‘मी गाडी चालवत नाही’ असं बटण दाबून सांगायचं. कारच्या ब्लूटूथला जोडल्यावरच सुरू होईल असं केल्यापासून ही कटकट गेली. नकाशाचा आवाज स्पीकरवर येतो, बाकीचे मेसेज मुक्कामी पोचेपर्यंत गप्प. आपण चालवतोय असं समोरच्याला आपोआप कळवायची सोयही आहे, पण ते उत्तर साध्या मेसेजलाच जातं, व्हॉट्सअ‍ॅपला नाही. आमच्या घरी साधा मेसेज फक्त बँक पाठवते.

ब्लूटूथ जोडलेलं असताना फोन येतात. सुरुवातीला मला ते बरं वाटलं. आता घाटात तेही घेत नाही, कारण हात मोकळे असले तरी डोकं समोरच्याच्या घरकर्जात अडकतं. ग्लोव्ह बॉक्सचा खरा गुण म्हणजे बेल्ट लावून बसलं की आमच्या गाडीत हात तिथवर पोचत नाही.

टॅक्सीवाल्यांना यातलं काही उपयोगाचं नाही. त्यांना भाडं स्क्रीनवरच घ्यावं लागतं, त्यामुळे त्यांनी निदान काचेऐवजी एसीच्या जाळीला लागणारा होल्डर बघावा. उन्हात फोन तरी कमी तापेल.

मी अनोळखी ठिकाणी जाताना निघण्याआधी नकाशा एकदा नीट बघतो आणि मग आवाजावर जातो. साताऱ्यात शिरल्यावर वळण चुकून वळसा पडतो कधी कधी. त्यात जळलेलं पेट्रोल अजून पंधराशेच्या जवळपासही गेलेलं नाही.