गोरेत्स्कीची तिसरी सिम्फनी: हेडफोन लावा आणि सलग ऐका

पोलंडच्या हेन्रिक गोरेत्स्कीने ही सिम्फनी १९७६ मध्ये लिहिली, मी ऐकलंय ते १९९२ चं रेकॉर्डिंग, सोप्रानो गायिका डॉन अपशॉचा आवाज, कंडक्टर डेव्हिड झिनमन आणि लंडन सिनफोनिएटा हा वाद्यवृंद. तिन्ही भाग संथ, तरी याच्या दहा लाखांच्या वर प्रती खपल्या आणि का खपल्या ते ऐकल्यावर कळतंच.

फोनच्या स्पीकरवर मात्र लावू नका. सुरुवातीला नुसते डबल बास, म्हणजे खर्जातली मोठी तंतुवाद्यं, इतके खालच्या सुरात आणि हळू की काही वाजतंय हेच कळत नाही. हेडफोनवर ऐकलं तर तीच चाल मग वरची तंतुवाद्यं एकामागोमाग उचलतात, एका घरातलं रडणं ऐकून शेजारचं घर जागं व्हावं आणि होता होता अख्खं गाव बाहेर यावं तसं. ड्रम नाहीत, ट्रम्पेट नाहीत. तेरा-एक मिनिटांनी गाणं येतं, पंधराव्या शतकातला मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा विलाप, बाळा तुझ्या जखमा मलाही वाटून दे म्हणणारा. मला तिथे पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही नीट.

दुसऱ्या भागाचे शब्द पोलंडमधल्या झाकोपानेत गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीच्या भिंतीवर सापडलेले, १८ वर्षांच्या मुलीने लिहिलेले. कोठडीत ती आहे आणि समजूत आईची घालतेय, रडू नकोस म्हणून! सूड नाही, शाप नाही. हा भाग रिलॅक्सिंग प्लेलिस्टमध्ये सुटा टाकतात ते मला अजिबात पटत नाही, कारण पहिल्या भागातली आई मुलासाठी रडते आणि इथे मूलच आईला धीर देतंय, हे सलग ऐकल्याशिवाय पोचतच नाही. शब्दांचा अर्थही आधी वाचून घ्या, पोलिश येत नसेल तर फार फरक पडतो.

तिसरा भाग काहींना रटाळ वाटेल, तेच दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) पाळण्यासारखे हलत राहतात. पण गाणारी परत आईच आहे, उठावात मारल्या गेलेल्या मुलाला शोधणारी, तो कुठे पुरलाय हेही तिला कोणी सांगत नाही, कुठल्या खड्ड्यात पडला असेल म्हणते, घरी उबदार अंथरुणात झोपला असता. रडून रडून डोळे गेले तरी तो परत यायचा नाही हे तिला माहितीये. शेवटी ती पाखरांना त्याच्यासाठी गायला सांगते, फुलांना त्याच्याभोवती फुलायला सांगते आणि तिथे ऑर्केस्ट्रा हळूच मायनरमधून मेजरमध्ये, म्हणजे उदास सुरांतून उजळ सुरांत येतो.