सिरी परतली की नाही: ‘द विचर ३’च्या शेवटांविषयी

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी चार जणांनी ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा एकच गेम आपापल्या सवडीने खेळून संपवला आणि चौघांच्या हाती मिळून तीन निरनिराळे शेवट आले. धाकट्या बहिणीची सिरी, म्हणजे नायकाची मानसकन्या, सम्राज्ञी झाली, माझी आणि ऑफिसातल्या दादांची सिरी विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारी, होऊन आपल्या वाटेने निघून गेली, मावसभावाची सिरी मात्र परतलीच नाही. शेवटचे दृश्य संपल्यावर तो बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला होता आणि मग एवढेच म्हणाला, “मी तर तिची काळजीच करून राहिलो होतो ना, मग हे असं कसं झालं?” या गेमची लढाई, त्यातली शस्त्रे आणि त्याचा विस्तीर्ण नकाशा यांविषयी दहा वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे, मला मावसभावाच्या या प्रश्नाविषयी लिहायचे आहे. पुढे कथेतले जवळपास सगळे उघड केले आहे, तेव्हा ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी आधी तो खेळावा.

वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने हा गेम १९ मे २०१५ रोजी प्रकाशित केला. पैसे घेऊन राक्षस मारणारा गेराल्ट हा त्याचा नायक, आणि अंगात प्राचीन रक्ताची शक्ती असलेली सिरी ही त्याची मानसकन्या. त्या शक्तीसाठी वाइल्ड हंट ही दुसऱ्या जगातून आलेल्या योद्ध्यांची टोळी तिच्या मागावर आहे आणि गेराल्ट वेलेनच्या दलदलीपासून स्केलिगेच्या बेटांपर्यंत तिला शोधत हिंडतो. कथेचा अर्ध्याहून अधिक भाग या शोधातच जातो. ती सापडते तेव्हा खेळणाऱ्याला वाटते की आता केवळ शेवटची लढाई उरली. प्रत्यक्षात गेमची खरी परीक्षा तिथून सुरू होते, आणि ती परीक्षा तलवारीची नसून बापपणाची आहे.

सिरी जगते की मरते हे मोजक्या प्रसंगांवर ठरते, आणि त्यांतल्या एकावरही ‘हा निर्णय महत्त्वाचा आहे’ अशी खूण नाही. केअर मोरहेन या विचरांच्या गडावरच्या लढाईत गेराल्टचा गुरू, वृद्ध वेसेमिर मारला जातो आणि सिरी स्वतःला दोष देत खचून बसते. त्या वेळी गेराल्ट तिला ‘प्रत्येक गोष्ट तुला जमलीच पाहिजे असे नाही’ असे सांगून तिच्यासोबत दारू पिऊ शकतो, किंवा तिला बाहेर बर्फात नेऊन तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळू शकतो. पुढे तिला सम्राट एम्हिरकडे न्यायचे की नाही हे ठरवावे लागते. तो तिचा जन्मदाता आहे, आणि तिला त्याच्यासमोर उभी केल्यावर तो गेराल्टपुढे बक्षिसाची रक्कम ठेवतो. ती रक्कम घेतली तर मुलीच्या नजरेत आपण तिला विकले असेच ठरते. त्यानंतर चेटकिणींच्या मंडळाशी बोलायला तिला एकटीला आत जाऊ द्यायचे की आपण सोबत जायचे, हा प्रश्न येतो. सिरीचा एल्फ मार्गदर्शक अवलाख याच्या प्रयोगशाळेत आपल्या वंशावळीचे तक्ते आणि आपल्याविषयीचा तिरस्कार पाहून ती संतापते, तेव्हा तिला शांत करायचे की सामान फोडू द्यायचे, हेही आपणच ठरवतो. आणि शेवटी स्काल याच्या थडग्यापाशी जायचे की ‘आता वेळ नाही’ म्हणून पुढे निघायचे, हा निर्णय येतो. या स्कालने सिरीला आसरा दिला होता, गावाने त्याला भित्रा ठरवून वाळीत टाकले होते, आणि तिचा माग काढण्यासाठी चेटकीण येनेफरने मंत्राने त्याचे प्रेत बोलते केले होते. त्याच्या थडग्यावर क्षणभर उभे राहावे, एवढेच सिरीचे मागणे असते.

मावसभावाने तिला दारू पाजली, कारण दमलेल्या माणसाला असेच सावरतात असे त्याला वाटले. तो मंडळाच्या बैठकीत तिच्याबरोबर आत गेला, कारण त्या बायकांवर त्याचा विश्वास नव्हता. प्रयोगशाळेत त्याने तिला आवरले आणि थडगे टाळून तो पुढे निघाला, कारण शत्रू दाराशी येऊन ठेपला होता. एकेक निर्णय सुटा पाहिला तर त्यात वावगे काही नाही. सगळे एकत्र ठेवले की मात्र असा माणूस दिसतो, जो मुलीवर जीव टाकतो, पण तिचे दुःख, तिचा राग आणि तिची माणसे यांतले काहीच तिच्या हाती राहू देत नाही. अखेरीस सिरी एकटी व्हाइट फ्रॉस्ट या जग गिळू पाहणाऱ्या हिमसंकटाच्या दिशेने चालत जाते, तेव्हा गेम हेच क्षण एकामागून एक तिच्या आठवणीत दाखवतो, आणि त्या वेळी खेळणाऱ्याला प्रथमच कळते की आपण काय केले होते. माझ्या मते संपूर्ण गेममधली ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे. निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये कित्येक तास असल्यामुळे जुना सेव्ह लोड करून सुटकाही होत नाही; मुलांच्या बाबतीतही आपण केव्हा चुकलो हे बहुधा फार उशिरा कळते, असे दादा म्हणाले, आणि त्यांना दहा वर्षांची मुलगी आहे.

तरीही मावसभावाच्या तक्रारीतला एक भाग मला मान्य आहे. पडद्यावर दिसणारा पर्याय आणि गेराल्ट प्रत्यक्षात उच्चारतो ते वाक्य यांत काही ठिकाणी अंतर पडते. दारूचा पर्याय वाचताना सांत्वनासारखा वाटतो. त्यात मुलीला कमी लेखणे आहे हे ऐकल्यावरच ध्यानात येते. ज्या गेममध्ये एका वाक्यावर एक जीव अवलंबून आहे, तिथे पर्यायाची भाषा अधिक नेमकी असायला हवी होती.

तिन्ही शेवटांची मांडणी मात्र विलक्षण संयमाची आहे. माझ्या शेवटात गेराल्ट सम्राटाला ‘सिरी मेली’ असे खोटेच सांगतो आणि मग व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत, जिथून कथा सुरू झाली होती त्याच गावात, तिला चांदीची तलवार देतो. बहिणीच्या शेवटातही गाव तेच आहे. दोघे मिळून एकदा अखेरची भटकंती करतात आणि मग एम्हिरच्या निल्फगार्ड साम्राज्याचे लोक तिला न्यायला येतात. तिने हे आपणहून निवडले आहे, म्हणूनच तो निरोप जास्त लागतो. मावसभावाच्या शेवटात गेराल्ट दलदलीत जाऊन क्रोनी नावाच्या तीन म्हाताऱ्या चेटकिणींपैकी उरलेल्या एकीला मारतो, वेसेमिरचे पदक परत मिळवतो आणि ते हातात घेऊन बसून राहतो, बाहेर राक्षसांचा वेढा पडत असताना. तो पुढे जगतो की नाही हे दाखवलेले नाही. त्या दृश्यात संवाद जवळजवळ नाहीत, आणि ते न लिहिण्याचे शहाणपण लेखकांना होते.

सम्राज्ञीच्या शेवटाची वाट मला सदोष वाटते. त्यासाठी सिरीला एम्हिरकडे न्यावे लागते, शिवाय युद्ध निल्फगार्डने जिंकावे लागते, म्हणजे उत्तरेचा राजा राडोविड याच्या हत्येच्या कटात सहभागी होऊन शेवटी कटातला साथीदार रोश याची बाजू घ्यावी लागते. हा सगळा भाग दुय्यम क्वेस्टांच्या, म्हणजे ऐच्छिक मोहिमांच्या, यादीत आहे आणि मुख्य कथा एका टप्प्यापुढे गेली की त्या क्वेस्ट कायमच्या बाद होतात. एका साम्राज्याचे आणि नायिकेचे भवितव्य अशा सुटून जाऊ शकणाऱ्या धाग्यावर बांधणे योग्य नव्हे. त्याहून मोठी चूक त्याच कटातल्या डायक्स्ट्राच्या पात्राबाबत झाली आहे. सगळ्या उत्तरेत ज्याच्याइतका धूर्त हेर नाही, तो राजाला मारल्यावर घटकाभरात आपल्याच साथीदारांना ठार करायला निघतो, तेही गेराल्टच्या देखत, आणि तोही एकेकाळी ज्याने आपला पाय मोडला होता त्या गेराल्टच्या. तो प्रसंग घाईने उरकला आहे हे बहिणीनेही कबूल केले, जिचा सगळा शेवट त्यावर उभा आहे.

वाइल्ड हंटचा राजा आणि खलनायक एरेडिन याच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्याच्याविषयीची तक्रार आहे. त्याचा मुखवटा लक्षात राहतो, माणूस राहत नाही.

याउलट वेलेनमधली ब्लडी बॅरनची कथा आम्ही अजूनही विसरलेलो नाही. दारूच्या नशेत बायकोला मारणारा हा माणूस, ती आणि मुलगी घर सोडून गेल्यावर त्यांना शोधायला गेराल्टची मदत मागतो. टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला मुक्त केले तर दलदलीतली अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारले तर ती मुले क्रोनींच्या तोंडी जातात, आणि वेडी झालेली बायको सोबत घेऊन बॅरन उपचारासाठी दूरच्या डोंगरांकडे निघतो. मी मुलांना वाचवले. बॅरनचे प्रेत झाडाला लटकलेले पाहिल्यावर मला ते बरोबर केले असे म्हणवले नाही, चूक केली असेही म्हणवले नाही.

या क्रोनी म्हणजे जंगलातल्या तीन म्हाताऱ्या. लोक त्यांना ‘वनातल्या देव्या’ म्हणतात आणि मदतीच्या मोबदल्यात स्वतःचा कान कापून देतात. नागपुरात वाढलेल्या माणसाला इथे मारबत आठवल्यावाचून राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालच्या गल्ल्यांतून निघते, लोक ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात आणि शेवटी ती शहराबाहेर नेऊन जाळतात. आपल्याकडे अरिष्टाची वाजतगाजत पाठवणी होते. वेलेनमध्ये त्याला घरातलीच माणसे खाऊ घालून गप्प ठेवावे लागते, आणि त्या भूमीची असहायता मला या फरकातून अधिक कळली. तिथल्या एका मांत्रिकाची पूर्वजांना जेवणाला बोलावण्याची रात्रही अशीच ओळखीची वाटते. आमच्या आईने ते दृश्य येता-जाता पाहिले आणि “हे तर सर्वपित्रीचंच आहे” म्हणून ती थांबली. स्लाव्ह लोकपरंपरेतून आलेले हे तपशील इतक्या आस्थेने लिहिलेले आहेत की दूरच्या वाचकालाही आपल्या घरचे काहीतरी त्यात सापडते.

या गेमचे दोन्ही विस्तार घ्यावेत. ऑक्टोबर २०१५ मधला ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आधी आणि मे २०१६ मधला ‘ब्लड अँड वाइन’ नंतर, याच क्रमाने खेळावे. पहिल्यातला गाँटर ओ’डिम हा मूळ गेमच्या आरंभी व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत साधा भिकारी व्यापारी म्हणून भेटून गेलेला असतो. हे नंतर ध्यानात येते तेव्हा अंगावर काटा येतो. दुसऱ्यात गेराल्टला तुसाँ या प्रदेशात द्राक्षमळ्यासह घर मिळते, आणि शेवटी तिथे भेटायला कोण येते हे आपण आधी कुणाशी कसे वागलो यावर ठरते. मावसभावाने तिथे थोडा वेळ शांतपणे काढला, आणि मला वाटते त्याला त्या घराची गरज होती. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली नवी आवृत्ती जुन्या खरेदीदारांना विनामूल्य मिळते. लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी मे महिन्याच्या उकाड्यात रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश-सावल्यांची जड प्रक्रिया, बंद ठेवून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, ३० वर मर्यादित करावा. आमच्याकडे दुपारी दुसरा उपायच नव्हता. गेममध्ये मराठी नाही, आणि संवाद फार असल्यामुळे इंग्रजी वाचनाची तयारी हवी.

डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या भागाची पहिली चित्रफीत आली. त्याची नायिका सिरी आहे, आणि ती विचर म्हणून राक्षसांच्या मागावर निघालेली दिसते. मला आणि दादांना आनंद झाला. बहिणीने ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि विचारले की तिने ज्या मुलीला विचारपूर्वक सिंहासनावर बसवले, जिने स्वतःहून ती जबाबदारी घेतली, तिचे आता काय. मावसभाऊ म्हणाला, “तुझी निदान कुठे तरी आहे.” मग त्याने पहिल्यापासून नवा गेम सुरू केला, सध्या तो वेलेनमध्ये बॅरनच्या दारात आहे.